धुळाक्षरं

मंगळवारी दुपारी तीन वाजता
लबकमध्ये संध्याकाळ झाली.
पश्चिमेकडून एक विटकरी भिंत चालत आली,
तिनं आधी पाण्याची टाकी गिळली,
मग सरकीच्या गिरणीचं धुरांडं,
मग आमच्या गल्लीतला शेवटचा दिवा.
समोरच्या विल्डाबाईंनी दाराच्या फटीला ओले टॉवेल लावले,
त्यांच्या आईनं लावले असतील तसे,
आणि खिडकीतून मला खुणावलं: तूही लाव.
मी लावले. विरलेला एक पंचा,
सोलापुरी चादरीचा तुकडा.
तरी रात्री वरणात कचकच आलीच.

बुधवारी आकाश निळं, काहीच न झाल्यासारखं.
लोक गाड्या धुवायला रांगेत.
बातम्यांपुरता वारा संपला होता.

माझी पाळी गुरुवारी रात्रीची.
चौथ्या मजल्यावर बत्तीस रेघांसमोर बसून
मी हृदयं बघते. म्हणजे हृदयं नाही,
त्यांचं हस्ताक्षर.
कुणाचं ठसठशीत, कुणाचं घाईचं,
कुणी मध्येच काना द्यायला विसरतं
आणि मी खुर्चीतून उठते.

त्या रात्री एकही खाट रिकामी नव्हती.
शाळेची बस चालवणारी, वय एक्केचाळीस.
एक जण नुसतं गॅरेजचं शटर ओढत होता.
एक पाद्री, अजून बूट न काढलेला.
चौदा नंबरला ऑर्विल स्टेगॉल, अठ्ठ्याहत्तर,
धमनीत दुपारीच बसवलेली नवी जाळी.
डॉक्टर म्हणाले, तंबाखू, लोणी, वय.
खोटं नाही ते.
फॉर्मवर तंबाखूला चौकट आहे,
साखरेला आहे, बापाच्या काळजालाही आहे.
वाऱ्याला नाही.
मागच्या वसंतात मी एकदा समासात लिहिलं होतं,
'परवाची धूळ?'
सुपरवायझर म्हणाली, ही कुठली लिपी?
तेव्हा कळलं, नकळत मराठीत लिहिलं होतं.
खोडलं.

दोनच्या सुमारास चौदा नंबरची तार निघाली.
लावायला गेले तर म्हातारा जागा.
"खिडकीच्या कडेवरून बोट फिरव," म्हणाला,
"आणि रंग सांग."
फिरवलं. दिव्याखाली धरलं.
"तांबूस. विटेसारखा."
"मग माझीच.
करडी असती तर न्यू मेक्सिकोची म्हटलं असतं."

चाळीस वर्षं नांगरली, म्हणाला,
कापूस निघाला की उघडी टाकायची.
आयलीन म्हणायची, हिवाळ्यापुरता गहू तरी पेर,
मुळं धरून ठेवतील तिला.
मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.
तो हसला,
आणि पडद्यावर त्याचं हसू
तीन वेडीवाकडी टेकाडं होऊन सरकून गेलं.

मला सांगावंसं वाटलं,
आमच्यात हरवण्याला धूळ चारणं म्हणतात.
इंग्रजीत ते नीट बसेना.
म्हटलं, "झोपा आता."
"आलीच ना शेवटी घरी," तो म्हणाला, छातीवर हात ठेवून.
हे जमिनीबद्दल होतं की आयलीनबद्दल,
विचारलं नाही.

सकाळी घरी पोचले तर हेरंब अंगणात,
पानं उडवायचं यंत्र घेऊन
ओट्यावरची धूळ उडवतोय.
सगळी वर जात होती, सगळी त्याच्यावरच बसत होती,
भुवया तांबड्या, तोंड उघडं, मजेत.
त्याचे वडील बावन्नाव्या वर्षी गेले, जेवता जेवता.
तो ऑगस्टमध्ये बावन्नचा होईल.
मी काही बोलले नाही. प्लग काढला.
"अगं, धूळच आहे नुसती," तो म्हणाला.

बादली आणली, फडकं पिळलं,
ओट्यावर गुडघ्यांवर बसून पुसत राहिले.
पहिलं पाणी चहासारखं, दुसरं वरणासारखं,
तिसरं ओतताना थांबले. कुठे ओतायचं?
वाळलं की ती पुन्हा उठणारच.

मग तशीच उठले आणि हात
त्याच्या शर्टाच्या खिशावर ठेवला.
"काय?" म्हणाला.
"गप्प उभा राहा."
साठ सेकंद मोजले. मग आणखी साठ.
ठीक होतं. पडद्याशिवाय मला जितकं कळतं तितकं.

हात काढला तर खिशावर
पाच बोटं, विटकरी.
तो शर्ट अजून धुवायला टाकलेला नाही.